दिवा माझ्याकडे द्या

शुक्रवार, १२ सप्टेंबर १९८६

आज मला काम मिळालं. खोकल्याच्या औषधाचं खोकं नव्हे, मलमाचं लेबल नव्हे, पोस्टर! वर्षभर जाहिरातींच्या स्टुडिओत बसून दुसऱ्यांची मुंगीएवढी अक्षरं चिकटवते आहे, आता पहिल्यांदाच काहीतरी माझं असेल.

झालं असं, की खाली मंडपात आरती चालू असताना मार्तंडकाका घरी आले. बाबांचे विमा कचेरीतले जुने साहेब. आता निवृत्त झालेत आणि मुलुंडमध्ये 'चित्रकट्टा' नावाची फिल्म सोसायटी चालवतात. शाळेच्या हॉलमध्ये महिन्याला एक परदेशी सिनेमा, प्रेक्षक तेच ते, त्यातले निम्मे पंख्याखाली डुलक्या काढणारे. या वेळी मात्र काका जोरात आहेत. ऑक्टोबरात पाच दिवस जुने काळे-पांढरे अमेरिकन गुन्हेपट दाखवायचे आणि मुलुंडभर पोस्टर्स लावायची. या सिनेमांना 'फिल्म न्वार' म्हणतात, हे त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. आणि मग म्हणाले, पोस्टर तू कर, खाली तुझं नाव छापू. मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले.

या महोत्सवातले दोन सिनेमे मी गेल्या महिन्यात पाहिलेत. अंधार काय झकास पकडलाय त्यात! ओले रस्ते, जिने, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या. पण बाई आली की माझं डोकं फिरतं. ती दारातून आत येते ती आधी पायांनी, कॅमेरा सावकाश वर चढतो. गोष्ट सांगणारा आवाज पुरुषाचा. तो टोपी घालून तिच्या मागे मागे फिरतो, कोपऱ्यात उभा राहून तिच्यावर नजर ठेवतो आणि आपल्याला सांगतो, की ही बाई काही सरळ नाही. शेवटी तिला गोळी लागते, नाहीतर बेड्या पडतात. तिला काय हवं होतं हे कोणाला पडलेलंच नसतं.

तर मी ठरवलंय. माझं पोस्टर या सिनेमांची नुसती जाहिरात करणार नाही, त्यांच्याशी भांडेल. हे अजून काकांना सांगितलेलं नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

सापडलं!

संध्याकाळी दिवे गेले. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती, मेणबत्ती शेजारी फरशीवर. मी दारात गेले आणि दचकलेच. उजेड हनुवटीखालून, नाकाची सावली कपाळावर, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. माझी आई झुरळालासुद्धा केरसुणीने हळूच बाहेर ढकलते, आणि इथे ती कोणाच्या तरी जेवणात विष कालवायच्या बेतात दिसत होती. मी मेणबत्ती उचलून फडताळावर ठेवली. लगेच देवीसारखी दिसायला लागली. आई म्हणाली, मला खडे दिसेनात, ठेव आधी खाली.

म्हणजे सगळी कमाल दिव्याची! सिनेमातली ती बाई वाईट असते कारण दिवा तिच्या पायाशी ठेवलेला असतो. पोस्टरवर एकाच बाईचे दोन चेहरे शेजारी शेजारी. डावीकडे दिवा खालून, उजवीकडे वरून. बाकी सगळं तेच. आणि खाली ओळ: 'बाई तीच. दिवा हलला.'

आनंदाने मी आईला मिठी मारली, तर सुपातले तांदूळ सांडले. ते वेचायला मलाच बसवलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

पोस्टरसाठी चेहरा मिळाला. आधी आईला विचारलं होतं, पण ती कॅमेरा पाहिला की पदर तोंडाला लावून हसत सुटते. मग समोरच्या बिऱ्हाडातल्या रुक्मिणीवहिनींना गाठलं. या मालवणकडच्या. यजमान गुणाजी गिरणीत होते, संपानंतर आता ठाण्याला एका कारखान्यावर रात्रीचे वॉचमन. वहिनी भांडुपच्या औषध कंपनीत गोळ्या पॅक करतात. सेकंड शिफ्ट, त्यामुळे परत यायला उशीर होतो. शांताबाईंना तेवढं पुरतं. शांताबाई म्हणजे आमच्या इमारतीचं तळमजल्यावरचं आकाशवाणी केंद्र.

मी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देत नाही. पण वहिनींच्यात काहीतरी गूढ आहे हे खरं. कमी बोलतात, बघतात मात्र सरळ डोळ्यांत. नाक असं, की त्याची सावली कापून काढावी. मी त्यांना नाकामुळे निवडलं, शांताबाईंमुळे नाही.

सकाळी त्या आल्या त्या गणपतीतलं नवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा, फोटो स्टुडिओत बसतात तशा हसून ताठ बसल्या. मला घाम फुटला. गजरा काढायला लावला, हसू नका म्हटलं, मान वळवा, पदर असा घ्या. खिडकीला बांबूचा पडदा टांगून त्याच्या पट्ट्यांच्या सावल्या तोंडावर पाडल्या. बाबांचा टेबललॅम्प एकदा खाली धरला, एकदा वर. वहिनींनी विचारलं, हे फोटो कुठे लागणार. म्हटलं, सिनेमाचं काम आहे. सगळं समजावत बसले असते तर चेहऱ्यावरचा तो भाव गेला असता.

जाताना म्हणाल्या, हसतानाचा एक काढ. रोल संपला म्हणून सांगितलं. खरं तर दोन फोटो शिल्लक होते, पण ते मला बांबूच्या पट्ट्यांसाठी हवे होते.

रविवार, २१ सप्टेंबर

वहिनींना आज सुट्टी. दुपारी त्या बाहेर पडल्या. पदर खोचून पिना लावलेल्या, खांद्याला पर्स, हातात छत्री, आणि डोळ्यांना काळा गॉगल! मी गॅलरीतून पाहत होते, खालून शांताबाईही पाहत होत्या. आमची नजरानजर झाली तेव्हा मला जरा लाज वाटली.

पण गॉगल कशाला? आभाळ तर भरलेलं होतं.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आज फोटो लाइन फिल्मवर चढवले. या फिल्मला करडा रंग दिसतच नाही. जे आहे ते एक तर काळंभोर, नाहीतर पांढरंफेक, अधलंमधलं सगळं गायब. डावीकडच्या चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात गेला आणि एक डोळा तेवढा उरला. मी डार्करूममध्ये एकटीच नाचले.

संध्याकाळी भांडुपला दशरथकडे गेले. तो लग्नपत्रिका आणि रिक्षांचे स्टिकर छापतो, स्क्रीन प्रिंटिंगमध्ये त्याचा हात साफ आहे. नमुन्याचा एक कागद काढला. शाई ओली असतानाच दशरथ म्हणाला, "ताई, डावीकडची एकदम खतरनाक आलीय." ऐकून छाती फुगली.

उजवीकडच्या चेहऱ्याबद्दल तो काहीच बोलला नाही. ती बाजू शाई थोडी पसरल्यामुळे फिकी आली असावी.

रविवार, २८ सप्टेंबर

आज मी एक धाडस केलं. वहिनींचा पाठलाग!

पुन्हा गॉगल, पुन्हा छत्री. मला राहवेना. हातातली वेणी अर्धी सोडून चपला सरकवल्या आणि निघाले. म्हटलं, ज्या बाईचा चेहरा आपण पोस्टरवर घेतोय तिच्याबद्दल आपल्याला माहिती असायला हवी. सरळ विचारता आलं असतं, पण विचारलं की गंमतच संपली.

मी बरंच अंतर ठेवून चालत होते. त्या नाहूरच्या दिशेने निघाल्या होत्या. पहिल्या गल्लीनंतर त्यांनी एकदम वेग वाढवला. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेल्या, थोड्या वेळाने परत अलीकडे आल्या. एका किराणा दुकानात शिरल्या आणि काही न घेता बाहेर पडल्या. छत्री बंद करून मुठीत घट्ट धरली होती. ज्याला काही लपवायचं नसतं तो माणूस असं चालेल का? नाहूरच्या मैदानाआधीच्या वळणावर त्या दिसेनाशा झाल्या. जवळजवळ पळाल्याच.

घरी येऊन उरलेली वेणी घातली. इतकी मजा कित्येक दिवसांत आली नव्हती. एक टोपी असती तर बहार आली असती.

बुधवार, १ ऑक्टोबर

चित्रकट्ट्याच्या समितीने पोस्टर पाहिलं. त्यांना आवडलं. इतकं आवडलं, की मला रडू यायचं बाकी आहे.

मार्तंडकाकांच्या बैठकीत पाचही जण कागदाभोवती जमले. मी दिव्याचं सगळं समजावून सांगितलं, मेणबत्तीची गोष्टही सांगितली. माना डोलल्या. मग काकांनी खिशातली पट्टी काढून उजव्या चेहऱ्यावर आडवी धरली आणि म्हणाले, ही बाजू काढून टाक. डावीकडची एकटीच पुरे, तिच्यात काय जरब आहे, लोक थांबून बघतील. ओळही नको, सिनेमांची नावं मोठी कर. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, बाई अगदी अस्सल वाईट दिसतेय, कुठे मिळाली?

मी म्हटलं, अहो, मुद्दाच तो आहे, ती वाईट नाहीये. काका हसले. म्हणाले, मुद्दा सिनेमा संपल्यावर चर्चेत मांड. रविवारपर्यंत फिल्म कापून दशरथकडे दे, सोमवारपासून शंभर प्रती छापायला घेऊ. आणि तुझं नाव ठळक टाकायला सांगतो.

ठळक. घरी येईपर्यंत मी हा एकच शब्द चघळत होते. उजवी बाजू नसली तर पोस्टर खोटं होतं हे मला कळतंय. पण शंभर पोस्टर्स, आणि खाली माझं नाव. नाही म्हटलं तर पुन्हा कोण विचारतंय?

गुरुवार, २ ऑक्टोबर

सुट्टी. शांताबाई साखर मागायला आल्या आणि टेबलावरचा नमुना त्यांनी पाहिला. दोन्ही चेहरे त्यांच्यासमोर होते, पण त्यांचं बोट गेलं ते डावीकडे. म्हणाल्या, "ही रुक्मिणीच ना? बरोबर पकडलंस गं. हीच ती." आणि साखर न घेताच खाली गेल्या.

आईने त्यांच्यामागे दार लावलं आणि मला म्हणाली, "रुक्मिणीला दाखवलंस का हे?" म्हटलं, छापून झालं की दाखवेन, त्यांना सरप्राइज. कुकरची शिट्टी झाली म्हणत आई आत गेली, पण शिट्टी झालीच नव्हती.

शनिवार, ४ ऑक्टोबर

फिल्म कापली. डावी बाजू दशरथकडे पोचवली, एक दिवस आधीच. बरं वाटत नाहीये, पण असं पहिल्यांदाच होत असेल, सवय होईल. उद्या वहिनींचं ते काय आहे त्याचा छडा लावते म्हणजे मन रमेल.

रविवार, ५ ऑक्टोबर

पकडले गेले.

सगळं नीट क्रमाने लिहायला हवं. वहिनी निघाल्या, मागोमाग मी. या वेळी मी हुशारी केली होती, बाबांचा रेनकोट घातला होता. नाहूरच्या त्या वळणावर पोचले आणि भिंतीआडून एकदम छत्रीचं टोक माझ्या गळ्याशी आलं. छत्रीमागे वहिनी. गॉगल कपाळावर सरकवलेला, चेहरा पांढराफटक. मला ओळखलं तेव्हा छत्री खाली आली.

"शुभा? तू?" म्हणाल्या.

मी म्हटलं, सहज फिरायला.

"सहज कोण कोणाच्या मागसून येता काय गो? कंपनीची बस माका आग्रा रोडच्या नाक्यार सोडता. थयसून घराक येईपर्यंत रोज कोणतरी मागसून येता. चपलेच्या आवाजावरसून माणूस वळखूक शिकलंय मी. मागच्या आयतवारी पण तूच होतंस?"

मी मान हलवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागच्या रविवारचं त्यांचं ते रस्ता ओलांडणं, दुकानात शिरणं, मुठीतली छत्री, सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि मी लिहिलंय, की मजा आली.

"माका विचारलं असतंस, तर मी सांगलं असतंय," त्या म्हणाल्या. मग छत्री काखेत मारली आणि म्हणाल्या, "चल. इलंस हयपर्यंत, तर बघ."

मैदानात त्यांची कंपनीतली मैत्रीण मालन उभी होती, आणि तिच्याशेजारी एक जुनी लुना. वहिनी लुना शिकतायत! नाक्यापासून घरापर्यंत चालावं लागू नये म्हणून. गॉगल धुळीसाठी, पदराच्या पिना चाकात पदर जाऊ नये म्हणून. त्यांनी पेडल मारलं, लुना फटफटली, आणि रुक्मिणीवहिनी मैदानाला चक्कर मारून आल्या. दोन पोरांच्या क्रिकेटमधून सरळ गेल्या. चेहऱ्यावर असं हसू, की मी ते आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं म्हणा. मीच त्यांना बंद करायला सांगितलं होतं.

मी त्या बाईला सिनेमातल्या त्या टोपीवाल्यासारखी मागून बघत फिरले, आणि तिच्याच चेहऱ्याखाली लिहीत होते, की बाईकडे बघायची रीत चुकते. रेनकोटमध्ये घामाने न्हाऊन घरी आले.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सकाळी उठून आधी भांडुप गाठलं. दशरथने स्क्रीन तयार करून ठेवली होती, शाई ढवळत होता. म्हटलं, थांब, हे छापायचं नाही. तो म्हणाला, काका मला फाडून खातील. म्हटलं, मला खातील. फिल्म परत घेतली, स्क्रीन माझ्यासमोर धुऊन घेतली. वहिनींचा एक डोळा नळाखाली वाहून गेला तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

तिथून काकांकडे. ते खूप चिडले, आवाज न चढवता. म्हणाले, गुरुवारी सकाळी दुसरं पोस्टर हवं, नसेल तर मुंबईतल्या वितरकाकडे सिगारेटवाल्या बाईचं तयार चित्र आहे ते लावू, आणि पुन्हा तुला विचारणार नाही.

दोन दिवस. डोक्यात एकसुद्धा कल्पना नाही. तरी हलकं वाटतंय, हे विचित्रच.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आजचा दिवस मी म्हातारी झाले तरी विसरणार नाही.

शिफ्टला जायच्या आधी वहिनी स्वतःहून आल्या. म्हणाल्या, माझे फोटो दाखव. मी नमुन्याचा कागद समोर ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांना सगळं सांगितलं. ते सिनेमे, ती बाई, दिवा, समिती, पट्टी, शंभर प्रती. शांताबाईंचंही सांगितलं. त्यांनी कागद उचलून उजेडात धरला. मला वाटलं, आता उठून जातील आणि पुन्हा कधी बोलणार नाहीत. तसं झालं असतं तरी तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

"ह्या फोटोक दिवो खाली होतो, ह्या फोटोक वर," त्या बोटाने दाखवत म्हणाल्या. "आणि दोन्ही वेळेक कोणाच्या हातात होतो?"

"माझ्या."

"मगे?"

त्यांनी हात पुढे केला.

"दिवो माझ्याकडे दे. आणि तू थय बस."

मी खिडकीपाशी त्यांच्या जागेवर जाऊन बसले. त्यांनी डाव्या हातात लॅम्प धरला, उजव्या हातात कॅमेरा. बटण कुठलं ते विचारून घेतलं. मग लॅम्प सरळ माझ्या तोंडावर. डोळ्यांपुढे पांढरं झालं, मी हात आडवा धरला, काहीतरी बोलणार तोच खट्ट झालं. हसू का म्हटलं, तर म्हणाल्या, नको. मान वळवू का, तर म्हणाल्या, गप बस. वाईट नव्हत्या बोलत, पण मला बसल्या जागी घाम फुटला. समोरचं काहीच दिसत नव्हतं, दिसत होतं ते एवढंच, की कोणीतरी माझ्याकडे बघतंय.

रोलमध्ये शेवटचा एक फोटो उरला. तो मी त्यांचा काढला. गजरा नव्हता, पण हसत होत्या. तो पोस्टरसाठी नव्हता, त्यांच्यासाठी होता.

बुधवार, ८ ऑक्टोबर

फोटो धुतले. एकात कोपऱ्यात वहिनींची मूठ आलीय, लॅम्पची टोपी आणि मनगटावरच्या बांगड्या. त्यापलीकडे मी. डोळे मिटलेले, हात आडवा, रंगेहाथ पकडलेल्या चोरासारखी. लाइन फिल्मवर बांगड्या पांढऱ्या कड्या होऊन चमकल्या आणि माझा चेहरा उजेडात पार धुऊन निघाला. काय पोस्टर आहे! मी काढलेलं नाही म्हणून जीव जळतोय, आणि तरी जेवणसुद्धा सुचत नाहीये इतकी खूश आहे.

खालची ओळ वहिनींचीच: 'दिवा माझ्याकडे द्या.' त्यांना विचारून घेतली. 'द्या' त्यांनीच करायला सांगितलं. तुला 'दे' म्हटलं ते ठीक, म्हणाल्या, लोकांना 'द्या' म्हणायला हवं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, यात बाई कुठंय? न्वार म्हटलं की बाई हवीच.

मी म्हटलं, "काका, दिवा कोणी धरलाय बघा."

ते बांगड्यांकडे बघत राहिले. मग विचारलं, ही डोळे मिटून बसलेली कोण? म्हटलं, मी. त्यावर ते आधी खोकले आणि मग हसत सुटले. समितीतल्या दोघांना मुळीच आवडलं नाही, एकाने सिगारेटवाल्या बाईची आठवण करून दिली. पण वितरकाने ते सोमवारीच मिळेल असं कळवलं होतं आणि तेवढा वेळ नव्हता. म्हणजे मी जिंकले ते अर्धं वेळेमुळे. चालेल! खाली दोन नावं टाकायची म्हटलं, फोटो रुक्मिणी, रचना शुभा. काका म्हणाले, टाक बाई, आता तेवढ्यासाठी कुठे भांडू.

सोमवार, १३ ऑक्टोबर

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोस्टर्स लागली. स्टेशनबाहेर, भाजीबाजारात, शाळेच्या फाटकावर. मी तीन वेळा उगाच भाजी आणून आले.

आणि आता मला कळतंय. भाजीवाल्याने मला बघितलं, मग माझ्यामागच्या भिंतीकडे बघितलं, मग पुन्हा मला. दोन पोरं "दिवा दे, दिवा" करत गल्लीच्या तोंडापर्यंत मागे आली. मी वेग वाढवला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले. तिथे पोचल्यावर ध्यानात आलं, की असं चालताना मी कोणाला पाहिलं होतं.

शांताबाईंनी आईला विचारलं, शुभाला पोलिसांनी पकडलं होतं का? आई म्हणाली, हो, समोरच्या रुक्मिणीने पकडलं. आणि मग मला म्हणाली, नाक माझं आलंय तुला, इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

महोत्सव संपला. आजच्या शेवटच्या खेळाला हॉल भरला, लोक मागे उभे होते. वहिनींनी सेकंडऐवजी फर्स्ट शिफ्ट मागून घेतली होती. लुनावरून आल्या. मालनची लुना आता त्यांची झालीय. फाटकावरच्या पोस्टरसमोर उभ्या राहून आपलं नाव वाचलं, मग आत येऊन पुढच्या रांगेत बसल्या.

सिनेमात नेहमीचंच झालं. टोपीवाला, सावल्या, पाठलाग, शेवटी जिन्यात तिला गोळी लागली. दिवे लागल्यावर मार्तंडकाका चर्चेसाठी उठले आणि त्यांनी पहिला प्रश्न वहिनींना विचारला, मोठ्या आदराने, सिनेमा कसा वाटला म्हणून. वहिनी विचार करून म्हणाल्या, "बाई खयच्या शिफ्टीक जायत होती, ताच कोणी सांगूक नाय." बाई कुठल्या शिफ्टला जात होती, हे ऐकून आधी कोणीतरी हसलं. मग हसणं थांबलं आणि मागच्या रांगेतून एक बाई टाळ्या वाजवायला लागली. मी मुद्दे लिहून नेलेला कागद पर्समध्येच राहू दिला.

घरी येताना वहिनींनी मला मागे कॅरिअरवर बसवलं. लुनाचा दिवा तसा मिणमिणता, पण मूठ पिळली की मोठा होतो. आग्रा रोडच्या नाक्यावरून आम्ही आत वळलो. पानाच्या टपरीशी एक जण रेलून उभा होता. लुनाचा आवाज ऐकून त्याने मान वर केली आणि आमच्याकडे बघायला लागला. वहिनींची पाठ ताठ झालेली मला कळली. रोज मागे येणारा तो हाच का, मी या वेळी सरळ विचारलं. "तोच," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मूठ पिळली. उजेड सरळ त्याच्या तोंडावर गेला. त्याने डोळे मिटले आणि हात आडवा धरला, अगदी माझ्यासारखा.

तो भिंतीकडे सरकला. वहिनींनी वेग कमी केला नाही.